विश्लेषण : डिकीतला तीनशेचा लाइट आणि विसरलेला दहा रुपयांचा फ्यूज

शेतात जाणाऱ्या गाडीला मागे उजेड हवाच. पण तो जोडताना आपण जी एक गोष्ट हमखास गाळतो, तिच्यामुळे गाडी पेटू शकते. तार, फ्यूज, बॅटरी आणि कायदा यांचं साधं गणित समजून घेऊया.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. शेलूबाजारहून काकांची जुनी जीप शेताकडे निघाली होती. मागे रिकामी पोती, ताडपत्री, थ्रेशरचा पट्टा आणि डिझेलची एक कॅन. डिकीच्या छताला पांढरीशुभ्र एलईडी पट्टी, चारच दिवसांपूर्वी बसवलेली. काका तिच्यावर खूश होते.

डांबरी रस्ता सोडून गाडी पांदणीला लागली आणि दहाएक मिनिटांत रबर जळाल्याचा वास यायला लागला. आधी वाटलं, बाहेर कुणी धसकटं पेटवली असतील. मग मागच्या सीटखालून धुराची बारीक रेघ दिसली. चुलतभावाने गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. धूर थांबला. कुणाला काही झालं नाही. डिझेलची कॅन मात्र त्या धुरापासून हातभर अंतरावर होती.

सकाळी मॅट उचलून पाहिलं. नव्या लाइटची तार पत्र्याच्या एका भोकातून मागे नेली होती. भोकाला रबर नव्हतं. खड्ड्यांच्या गचक्यांनी पत्र्याच्या धारेवर घासून तारेचं वरचं आवरण फाटलं होतं आणि वीतभर तार वितळून मॅटला चिकटली होती. बॅटरीपासून लाइटपर्यंत कुठेही फ्यूज नव्हता.

काका माझ्याकडे पाहून म्हणाले, "इंजिनेर झाला ना तू? मंग सांग, हे वायर काहून जयलं?"

प्रश्न सोपा होता. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी कागदावर शेकडो सर्किटं सोडवली होती. पण गाडीत फ्यूज नेमका कुठे बसवायचा, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही शिकलो नव्हतो. हा लेख म्हणजे काकांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

मुळात हा लाइट हवाच कशाला?

शहरात 'ऑफ-रोडिंग' हा रविवारचा छंद आहे. वाशीम जिल्ह्यात पांदण रस्ता म्हणजे रोजचा ऑफ-रोड. काळी माती, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात कडक झालेल्या चाकोऱ्या. अशा रस्त्यावर चालते म्हणून गावात बोलेरो, थार किंवा जुनी जीप घेतली जाते. हौसेपेक्षा गरज मोठी असते.

या गाड्यांचं मागचं काम बहुतेक वेळा अंधारात असतं. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रपाळीच्या विजेवर जावं लागतं. तुषार संचाचे पाइप, नोझल, पाने मागे टाकलेले असतात. पोत्यांच्या गर्दीत हात घालताना खाली साप-विंचू आहे का, हे दिसावं लागतं. मोबाइलचा टॉर्च एका हातात धरला, की पोतं उचलायला एकच हात उरतो.

त्यात आता समृद्धी महामार्ग आहे. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि शेलूबाजारला इंटरचेंज मिळाला. ताशी 120 किलोमीटरने गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर रात्री टायर बसला, तर जॅक आणि स्टेपनी शोधायला मागे उजेड लागतोच. तिथे जितका वेळ कमी थांबाल, तितकं बरं.

म्हणजे गरज खरी आहे. तरीही अनेक गाड्यांच्या स्वस्त प्रकारांत मागे दिवाच नसतो, आणि असला तरी तो मिणमिणता असतो. म्हणून लोक बाजारातून पट्टी आणतात आणि ओळखीच्या वायरमनकडे जातात. अर्ध्या तासात काम होतं. लाइट लागतो. लाइट लागला म्हणजे काम बरोबर झालं, असं आपण मानतो. गडबड इथेच सुरू होते.

सहा वॉटच्या दिव्याची तार जळते कशी?

गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. घरातल्या 230 व्होल्टसारखा तिचा झटका बसत नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही. पण आग लागायला झटका लागत नाही. त्याला लागतो प्रवाह, म्हणजे अँपिअर.

डिकीतली साधी एलईडी पट्टी 6 वॉटची धरा. 6 भागिले 12, म्हणजे अर्धा अँपिअर. एवढ्या प्रवाहाने एक चौरस मिलिमीटरची तार कोमटही होत नाही. वायरमनचं म्हणणं असतं, "एवढ्याशा लाइटला काय फ्यूज लावायचा?" दिवा नीट चालू असेपर्यंत त्याचं बरोबरच असतं.

पण तीच तार पत्र्याला टेकली, तर दिवा बाजूला राहतो. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. त्यामुळे पॉझिटिव्ह तार पत्र्याला जिथे टेकेल, तिथे सर्किट पूर्ण होतं. मध्ये अडवायला फक्त तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स उरतो. एक चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स 0.1 ओहमपेक्षाही कमी भरतो. अशा वेळी शंभर अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त प्रवाह धावू शकतो. इंजिन सुरू करताना स्टार्टरला याहून मोठा प्रवाह देणाऱ्या बॅटरीला ते जड जात नाही.

शंभर अँपिअरने त्या बारीक तारेत साधारण 850 वॉट उष्णता तयार होते. घरातली इस्त्री जवळपास तेवढ्याच वॉटची असते. म्हणजे मॅटखाली, पोत्यांच्या शेजारी एक इस्त्री लावून ठेवल्यासारखं झालं. फरक इतकाच, की इस्त्री तापल्यावर आपोआप बंद होते. ही तार जळून तुटेपर्यंत तापत राहते.

आमच्या गाडीत तार गचक्यासरशी टेकायची आणि सुटायची. म्हणून आधी नुसता वास आला. घट्ट चिकटली असती, तर वास ओळखायलाही वेळ मिळाला नसता.

फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो

बहुतेकांचा इथे गैरसमज आहे. 'दिवा तीनशेचा, जळला तर दुसरा आणू, फ्यूज कशाला,' हा हिशेब चुकीचा आहे. फ्यूज दिवा वाचवायला नसतोच. तो तार वाचवतो, आणि तारेसोबत गाडी.

तीन अँपिअरच्या फ्यूजमधून दुप्पट प्रवाह गेला तर तो काही सेकंदांत उडतो. शॉर्ट झाल्यावर शंभर अँपिअर गेले, तर पापणी लवायच्या आत. तार तापायला वेळच मिळत नाही.

यातून दोन नियम निघतात.

पहिला : फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. वीतभर अंतरात असेल तर उत्तम. काही जण तो लाइटजवळ, डिकीत लावतात. तो दिसतो छान, पण काम करत नाही. कारण तार रस्त्यात मध्येच पत्र्याला टेकली, तर प्रवाह डिकीपर्यंत पोचतच नाही. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कायम उघड्यावर असतो, म्हणून तो जितका आखूड तितका चांगला.

दुसरा : फ्यूज तारेपेक्षा 'कमकुवत' हवा. एक चौरस मिलिमीटरच्या तारेला आणि 6 ते 10 वॉटच्या दिव्याला 2 किंवा 3 अँपिअरचा फ्यूज पुरतो. गाडीतल्या चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : 2 अँपिअर राखाडी, 3 जांभळा, 5 फिकट तपकिरी, 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा. छोट्या दिव्याच्या तारेवर पिवळा किंवा निळा फ्यूज दिसला, तर तो असून नसल्यासारखा आहे.

आणि फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठा फ्यूज टाकणं किंवा चांदीचा कागद गुंडाळणं हा उपाय नाही. फ्यूज काहीतरी सांगतोय. आधी तार कुठे घासतेय ते शोधा.

जोडणीचे तीन मार्ग

*एक : बॅटरीवरून वेगळी तार.* जुन्या गाड्यांसाठी हा सर्वांत स्वच्छ मार्ग. बॅटरी, मग फ्यूज, मग स्विच, मग दिवा, आणि दिव्यातून पत्र्याला अर्थ. कंपनीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. फक्त अर्थ देताना पत्र्याचा रंग खरवडून, थिंबल लावून, बोल्टने घट्ट आवळायला हवा. गंजलेल्या किंवा रंगावरच कसलेल्या अर्थमुळे दिवा लुकलुकतो आणि दोष दिव्याला दिला जातो.

*दोन : छतातल्या दिव्याच्या तारेवरून.* तार कमी लागते, म्हणून वायरमनची पहिली पसंती. यात एक खोच आहे. कित्येक गाड्यांत छतातल्या दिव्याला पॉझिटिव्ह कायम असतो आणि दाराचा स्विच त्याचा निगेटिव्ह जोडतो किंवा तोडतो. नव्या दिव्याचा निगेटिव्ह पत्र्याला दिला, तर तो दार बंद झालं तरी विझत नाही. त्यासाठी निगेटिव्हही जुन्या दिव्याच्याच तारेवरून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट, मूळ सर्किटचा फ्यूज 10 किंवा 15 अँपिअरचा असू शकतो. तो कंपनीच्या तारेसाठी आहे, तुमच्या केसासारख्या बारीक तारेसाठी नाही. म्हणून जिथून नवी तार फुटते, तिथे तिचा स्वतःचा छोटा फ्यूज हवाच.

*तीन : रिव्हर्स लाइटच्या तारेवरून.* हा मार्ग टाळा. गिअर रिव्हर्सला टाकला की डिकीतही उजेड होतो, ही कल्पना आकर्षक वाटते. पण मग उभ्या गाडीत दिवा लावता यावा म्हणून लोक त्यालाच वेगळा स्विच जोडतात. तो स्विच दाबला, की वीज उलटी जाऊन रिव्हर्स लाइटही लागतो. मागून येणाऱ्याला वाटतं, गाडी मागे येतेय. मध्ये डायोड किंवा रिले टाकून हे थांबवता येतं, पण त्यापेक्षा पहिला मार्ग सोपा आहे.

नवी गाडी असेल तर?

नव्या गाड्यांत आतले दिवे थेट स्विचवर नसतात. त्यांच्यामागे एक छोटा कॉम्प्युटर असतो. दार बंद केल्यावर दिवा हळूहळू मंद होत विझतो, ही त्याचीच करामत. तो दिव्याला वीज सलग देत नाही, सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद करत देतो. अशा तारेवर बाजारातली पट्टी जोडली की ती लुकलुकते, किंवा बंद असतानाही अंधूक जळत राहते. जास्त भार टाकला तर तो कॉम्प्युटरच खराब होऊ शकतो, आणि त्याची किंमत लाइटच्या कित्येक पट असते. वॉरंटीत असलेल्या गाडीची मूळ तार कापली, तर सर्व्हिस सेंटरला हात वर करायला कारणही मिळतं.

नव्या गाडीत फ्यूज बॉक्समध्ये बसणारा फ्यूज टॅप वापरावा. मोकळ्या खणात किंवा चालू फ्यूजच्या जागी तो बसतो, त्यात मूळ सर्किटचा एक आणि नव्या तारेचा एक असे दोन फ्यूज मावतात आणि कंपनीची एकही तार कापावी लागत नाही. उद्या काढायचा झाला, तर मागे खूण राहत नाही.

आणखी एक. पिवळ्या आवरणातल्या तारा किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर हात मागे घ्या. ते बहुधा एअरबॅगचे असतात. खांबांच्या प्लास्टिकमागे पडद्यासारखी एअरबॅग असेल, तर तिच्या वरून तार नेऊ नका. फुगताना ती अडकता कामा नये.

ऊन, उंदीर आणि खड्डे

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या छताखाली त्याहून कितीतरी जास्त गरम होतं. काळ्या इन्सुलेशन टेपचा गोंद तिथे पातळ होतो आणि टेप उलगडते. तारा हाताने पिळून वर टेप गुंडाळलेला जॉइंट घरातल्या पंख्याला कदाचित चालेल. पांदणीवर रोज गचके खाणाऱ्या गाडीत तो दुसरा उन्हाळा पाहत नाही. थिंबल दाबून, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून केलेला जॉइंट पाच मिनिटं जास्त घेतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

तार जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच. आमची तार नेमकी त्याच्याअभावी फाटली. बाकी लांबीभर नळीसारखं फ्लेक्सिबल आवरण चढवा आणि दर वीतभर अंतरावर केबल टायने बांधा. सायलेन्सरच्या पाइपजवळून तार नेऊ नका. दिवा मागच्या दारावर बसवणार असाल, तर बिजागरीपाशी तार थोडी सैल सोडा आणि रबरी नळीतून न्या. दार हजार वेळा उघडलं की ताणलेली तार आतल्या आत तुटते.

धान्य वाहणाऱ्या गाडीत उंदीर येणारच. चार दाणे सांडले की तो येतो आणि तारही कुरतडतो. त्यावर हमखास औषध नाही. म्हणूनच फ्यूज हवा : तार कुरतडली तर फ्यूज उडेल, गाडी नाही.

दिवा घेतानाही एक गोष्ट तपासा. बॅटरी 12 व्होल्टची म्हणतो, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर 14 व्होल्टच्या वर देतो. स्वस्त पट्टीत तीन एलईडी आणि एक छोटा रेझिस्टन्स यांच्या साखळ्या असतात. 12 वरून 14.4 व्होल्ट झाले, की तिच्यातला प्रवाह थोडासा वाढत नाही, जवळपास दुप्पट होतो. म्हणूनच दुकानात झगमगणारी पट्टी दोन महिन्यांत अर्धी विझते. पाकिटावर '9 ते 30 व्होल्ट' किंवा '12/24 व्होल्ट' असं लिहिलेला, आत ड्रायव्हर असलेला दिवा घ्या. शंभर-दोनशे जास्त जातील, पण पुन्हा जोडणीचा खर्च वाचेल.

रात्रभर लाइट राहिला तर बॅटरी उतरेल?

6 वॉटचा दिवा दहा तास जळला, तर 5 अँपिअर-तास खर्च होतात. डिझेल गाडीची बॅटरी साधारण 60 ते 80 अँपिअर-तासांची असते. म्हणजे चांगली बॅटरी एका रात्रीत बसत नाही. पण तीन-चार वर्षं जुनी बॅटरी, थंडीची पहाट आणि सलग दोन रात्री विसरलेला दिवा, असं जुळून आलं तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. आणि 24 वॉटचा मोठा वर्क लाइट असेल, तर एका रात्रीत 20 ते 24 अँपिअर-तास जातात. त्याला चालू असल्याचं दाखवणारा लाल ठिपक्याचा स्विच डॅशबोर्डवर हवाच.

चावी काढली की दिवा बंद व्हावा, अशी जोडणी बॅटरी वाचवते. पण शेतात गाडी बंद करून माल उतरवताना मग चावी फिरवून ठेवावी लागते. शेतीच्या गाडीला कायम पुरवठा आणि दिसणारा स्विच हेच सोयीचं, असं माझं मत.

कायदा काय म्हणतो?

इथे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "काही होत नाही." दुसरा म्हणतो, "मॉडिफिकेशन म्हणजे गुन्हाच." दोन्ही अर्धवट आहेत.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधल्या एका निकालात हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मात्र त्याच कलम 52 मध्ये 'बदल' म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप पालटणारा रचनेतला फेरफार, असा खुलासाही आहे. डिकीत छताला लावलेल्या छोट्या दिव्याने गाडीचं मूळ स्वरूप पालटत नाही.

खरी रेघ दुसरीकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 108 सांगतो, की गाडीच्या मागच्या बाजूने लाल सोडून दुसरा प्रकाश दिसता कामा नये. नंबर प्लेटचा आणि रिव्हर्सचा पांढरा दिवा यांसारखे मोजके अपवाद आहेत, आणि गाडीच्या आतल्या दिव्यांना या नियमातून सूट आहे. म्हणजे डिकीच्या छतातला दिवा वेगळा आणि मागे तोंड करून लावलेला फ्लड लाइट वेगळा. तो फ्लड लाइट चालू ठेवून तुम्ही रस्त्यावर आलात, तर मागच्याचे डोळे दिपतात. समृद्धीवर किंवा मंगरूळपीर रस्त्यावर रात्री हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. तो नियमभंग तर आहेच, त्याहून जास्त म्हणजे तो जीवघेणा आहे.

विम्याचंही ध्यानात ठेवा. गाडी जळाली आणि कारण बाहेरची वायरिंग निघालं, तर दाव्यावर वाद होऊ शकतो. फ्यूजसह नीट केलेल्या जोडणीचे फोटो आणि बिल जपून ठेवणं, हा त्यावरचा स्वस्त उपाय.

मग चूक कोणाची?

काकांच्या गाडीचं काम करणाऱ्या वायरमनला दोष देऊन हा लेख संपवता आला असता. पण मला ते पटत नाही. त्याने तेच केलं, जे त्याला शिकवलं गेलं आणि ज्याचे आपण पैसे देतो. तो कुणा उस्तादाच्या हाताखाली शिकला. उस्तादाच्या काळात गाडीत दोन दिवे आणि एक हॉर्न होता. आता तीच माणसं कॅमेरा, सेंट्रल लॉक, अँप्लिफायर आणि एलईडी जोडतात. आणि गिऱ्हाईक म्हणून आपण काय म्हणतो? "कमीत कमी किती घेशील?" फ्यूज होल्डर, ग्रोमेट, स्लीव्ह यांचे साठ-सत्तर रुपये त्याने मागितले, तर आपण शेजारच्या दुकानात जातो.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कंपन्यांसाठी : ज्या गाड्या शेतावर चालणार हे जाहिरातीतच दाखवता, त्यांच्या सर्वांत स्वस्त प्रकारातही मागे एक नीट दिवा आणि फ्यूजसह एक मोकळा जोड द्या. तो असेल, तर कुणाला तार कापावी लागणार नाही. दुसरी, आयटीआयसाठी : गावोगावच्या काम करणाऱ्या वायरमनसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्या. तार, फ्यूज, क्रिम्पिंग, रिले, बस. त्यांना पदवी नको आहे, हातातलं काम पक्कं व्हायला हवं आहे. तिसरी, आपल्यासाठी : लाइटची किंमत विचारताना जोडणीचीही किंमत द्या.

आणि आठवड्यातून दहा मिनिटांचाच उजेड हवा असेल, तर वायरिंग करूच नका. चार्जिंगचा, चुंबकाने पत्र्याला चिकटणारा दिवा घ्या. गाडीला भोक नाही, तार नाही, चिंता नाही. इंजिनिअर म्हणून सांगतो, कित्येकदा सर्वांत चांगलं सर्किट तेच, जे करावंच लागत नाही.

वायरमनकडे जाण्याआधी पाच प्रश्न

- फ्यूज किती अँपिअरचा आणि बॅटरीपासून किती अंतरावर?
- तार किती चौरस मिलिमीटरची? तांब्याची आहे ना?
- पत्र्यातून तार जाते तिथे रबर आहे का?
- जॉइंट टेपचा की थिंबल आणि स्लीव्हचा?
- दिव्याचा उजेड गाडीच्या आतच राहतो ना? स्विच चालू आहे हे चालकाला दिसतं का?

काम झाल्यावर एक चाचणी स्वतः करा. फ्यूज काढा. दिवा विझला, तर फ्यूज त्याच तारेवर आहे. फ्यूज काढूनही दिवा चालूच राहिला, तर गाडी दुकानातून हलवू नका.

आमच्या जीपमध्ये आता नवी तार आहे. 3 अँपिअरचा जांभळा फ्यूज बॅटरीशेजारी, होल्डरमध्ये. जोडणी त्याच वायरमनने केली, मी शेजारी बसलो होतो. दोघांनी मिळून केलं म्हणायला हरकत नाही, कारण क्रिम्पिंग त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. डिझेलची कॅन आता मागे ठेवत नाहीत.

परवा काकांचा फोन आला. शेजाऱ्याने नव्या पिकअपला हौद्यात लाइट बसवला होता आणि मोठ्या कौतुकाने दाखवायला आणला होता. काकांनी लाइटकडे पाहिलंच नाही म्हणे. सरळ बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "लाइट गेला चुलीत. फ्यूज कुठी टाकला, थे दाखोव आंधी."